साहेब, घोडा पाहिजे?

मुंबईत कुणी कानाशी येऊन असं विचारलं तर सभ्य माणसानं मागे वळून न बघता चालू लागावं. आपल्या शहरात ‘घोडा’ कमरेला खोचतात आणि तो दिसला की समोरचा मुकाट्यानं पाकीट काढून देतो. मी मात्र थांबलो. कारण मी उभा होतो फिश टँकच्या दुकानात, हातात चार गपींची पिशवी होती, आणि विचारणारा भाऊ काउंटरखालून थर्मोकोलचा बॉक्स पुढे ओढत होता.

झाकण उघडलं. आत बोटभर लांबीचे दोन समुद्रघोडे. एक पिवळट, एक काळपट. पकडायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून दोघांनी एकमेकांच्या शेपटीला विळखा घातलेला.

‘जोडी आहे. मीठ आपल्याकडून फ्री.’

खोटं कशाला बोलू, मंडळी, मी विरघळलो. हप्त्यांवर घेतलेल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये, निळ्या लाइटखाली हे दोघं, आणि शनिवारी बियर प्यायला आलेलं अख्खं ऑफिस तोंडाचा आ वासून उभं, असा सीन डोळ्यांपुढे आलासुद्धा. ‘उद्या सांगतो’ म्हणून निघालो आणि रस्त्यातूनच आईला फोन केला, समुद्रघोडा आणतोय म्हणून. तिनं ऐकलं पाणघोडा. ‘अरे, सोसायटी परवानगी देईल का?’

पाणघोडा म्हणजे हिप्पो. आपला हा समुद्रघोडा म्हणजे चक्क मासा. कल्ले आहेत, पर आहेत, पण खवले नाहीत. त्याऐवजी कातडीखाली हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत. तोंड घोड्याचं, शेपूट माकडाची, डोळे सरड्याचे. एक डोळा पुढे बघत असताना दुसरा मागे. देवानं उरलेल्या स्पेअर पार्ट्समधून जोडलेला प्राणी. जगात याच्या पंचेचाळीसच्या वर जाती आहेत. सगळ्यांत छोट्या नखाएवढ्या, दीडेक सेंटीमीटरच्या. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचा ढेरपोट्या मात्र पस्तीस सेंटीमीटरपर्यंत जातो, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा लांब. आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही ते आहेत. भाऊच्या बॉक्समधले बहुधा ‘हिप्पोकॅम्पस कुडा’ असावेत.

माझी कॉलेजची एक मैत्रीण मेलबर्नला असते. तिच्याकडे ढेरपोट्यांची जोडी आहे, फार्मवर जन्मलेली, रीतसर पावती घेऊन आणलेली. रविवारी सकाळी तिला फोन लावला. वाटलं होतं, ‘वॉव, सो कूल’ वगैरे म्हणेल.

‘तू गेल्या वर्षी तुळस मारलीस ना?’ ती म्हणाली.

मग तासभर क्लास झाला. समुद्रघोड्याला जठरच नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यातून पुढे. दातही नाहीत. नळीसारख्या तोंडानं सुर्रकन भक्ष्य ओढून घ्यायचं, एवढंच त्याला येतं. म्हणजे दिवसातून दोन-तीनदा, रोज, वर्षाचे ३६५ दिवस खायला घालायचं. आणि काय? तर मायसिस, आपल्या जवळ्यासारखी दिसणारी बारीक कोळंबी. फार्मवर वाढलेले घोडे तिची फ्रोझन वडी खायला शिकलेले असतात. समुद्रातून उचललेल्यांना ते कुणी शिकवलेलंच नसतं. त्यांना हलणारं, जिवंत लागतं. ते न मिळाल्यानं डब्यासमोर उपाशी राहून मरतात. (भाऊ मला म्हणाला होता, ‘दाणे टाका, सगळं खातो.’)

टाकी लांबीपेक्षा उंचीला मोठी हवी, दीड फुटाच्या वर, आणि एका जोडीला निदान शंभर-सव्वाशे लिटर पाणी. ते पाणी आधी महिना-दीड महिना फिल्टरसकट चालवून मुरवायचं, म्हणजे घाण पचवणारे बॅक्टेरिया तयार होतात. फिल्टरचा प्रवाह मंद हवा, कारण हा उभ्यानं पोहतो तो पाठीवरच्या इवल्याशा पराच्या जोरावर. तो पर सेकंदाला तीसेक वेळा फडफडतो आणि तरी घोडा जवळजवळ जागच्या जागीच असतो. त्याच्या एका बुटक्या जातीची गिनेस बुकात सगळ्यांत संथ मासा म्हणून नोंद आहे. म्हणून शेपटीनं धरायला गवत, काड्या, काहीतरी पाहिजेच. सोबतीला चपळ मासे नकोत, ते याच्या पुढचा घास पळवतात.

तपमानाचा फंडा तर विचारूच नका. मैत्रिणीच्या ढेरपोट्यांना १८ अंशांच्या आसपास पाणी लागतं. कुडासारख्या उष्ण पाण्यातल्या घोड्यांनाही टाकीत २२ ते २४ मानवतं, कारण त्याच्यावर गेलं की बंद पाण्यात बॅक्टेरिया माजतात आणि शेपटीपासून कातडी सडायला लागते. आमच्या हॉलमध्ये मे महिन्यात मीच सडतो. म्हणजे पाण्यासाठी वेगळा चिलर आला, आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर. तिनं दोन वर्षांत एक लाँग वीकएन्ड घेतलेला नाही.

‘मग ठेवतेस कशाला?’

ती जरा थांबली. म्हणाली, सकाळी उठून बघ एकदा. नर-मादी रात्री टाकीच्या दोन टोकांना असतात. उजाडलं की एकमेकांजवळ येतात, रंग उजळतो, शेजारी शेजारी पोहतात, एकाच काडीला शेपट्या गुंडाळून गोल फिरतात. काही मिनिटांनी आपापल्या कामाला. अशा रोजच्या भेटींची नोंद करणाऱ्या संशोधकांत कॅनडाच्या अमांडा व्हिन्सेंट यांचं नाव मोठं आहे. १९९६ साली ‘प्रोजेक्ट सीहॉर्स’ची सुरुवात करणाऱ्यांपैकी त्या एक. आणि बाळंतपण नराचं. मादी त्याच्या पोटावरच्या पिशवीत अंडी घालते, तो काही आठवडे ती वागवतो आणि मग वाकून, कळा देऊन शेकडो पिल्लं बाहेर टाकतो. तिच्याकडचा नर रात्री दोन वाजता बाळंत झाला. हिचा नवरा शेजारी बसून घामाघूम. पिल्लं मात्र दहा दिवसांत सगळी गेली. समुद्रातही शंभरातलं एखादंसुद्धा धड मोठं होत नाही.

‘आणि ऐक,’ फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, ‘भारतात हे चालतं तरी का?’

नाही चालत. २००१ साली समुद्रघोड्यांचं अख्खं कूळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आलं. तेव्हापासून ते पकडणं आणि विकणं गुन्हा आहे. त्याआधी तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून, विशेषतः पाल्कच्या आखातातून, वाळवलेले घोडे चिनी औषधांसाठी बाहेर जायचे. २००४ पासून जगभरच्या व्यापारावर ‘साइट्स’ कराराचा लगाम आला. तरी ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर ते आजही सापडतात, आणि एखादा बॉक्स कुणाच्या तरी काउंटरखाली पोचतो. परदेशातल्या फार्मच्या पावतीनं मैत्रिणीचं काम भागतं. माझ्या बॉक्सला पावतीच नव्हती. भाऊ कुजबुजत का होता, हे मला शनिवारीच कळायला हरकत नव्हती. कळलंही असेल. निळा लाइट डोळ्यांत होता.

वनखात्याच्या हेल्पलाइनचा नंबर १९२६. रविवारी संध्याकाळी तीनदा डायल करून तीनदा कट केला. भाऊ चार वर्षं माझा फिल्टर फुकट साफ करून देतोय. एकदा माझे मॉली आजारी पडले तेव्हा रात्री दहाला घरी आला होता. शेवटी सोमवारी सकाळी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून फोन लावला, तक्रार दिली. दुकानाचं नाव सांगताना आवाज आपोआप खाली गेला.

पुढच्या शनिवारी खाद्य आणायला गेलो. पाय जड झाले होते. भाऊ नेहमीसारखा हसला. कुणी येऊन गेलं होतं की नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. काउंटरखाली फक्त नळीचं भेंडोळं.

‘ती जोडी?’

‘तुम्ही गेलात ना साहेब, त्याच रात्री गेली. एक मॅडम आल्या होत्या.’

‘टाकी केवढी आहे त्यांची?’

‘टाकी कुठली? बाउल नेला. टीव्हीशेजारी ठेवणार म्हणाल्या.’