कुंभाराचे चाक कोणाच्या बळावर फिरते?

पश्चिम दिल्लीतील उत्तम नगरच्या कुंभार वसाहतीत आजही शेकडो कुटुंबे मातीवर पोट भरतात. १९७० च्या दशकापासून राजस्थान व हरियाणातील खेड्यांतून ही मंडळी येथे आली. आधी आलेल्याने मागून येणाऱ्या नातलगाला आसरा दिला. वस्ती एका जागी असल्याने दिवाळीपूर्वी व्यापारी पणत्यांसाठी इथेच येतात. मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यातही सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या भट्ट्या घरांमधल्या सामाईक जागेत पेटतात. हाती भांडवल नसताना हा धंदा टिकला, तो एकमेकांच्या आधारावर.

परंतु या आधाराचे गोडवे गाऊन सरकारला हात झटकता येणार नाहीत. आपल्या गावगाड्यात बलुत्याने कुंभाराला सुगीचे धान्य दिले आणि त्याच बलुत्याने त्याला जन्माच्या धंद्याला जखडूनही ठेवले. माती मळणाऱ्या, पणत्या रंगवणाऱ्या घरच्या स्त्रीच्या श्रमाची वेगळी मजुरी आजही कोणी मोजत नाही.

रेल्वे कामगारांना तर हा प्रश्न जवळचा आहे. २००४ साली रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी स्थानकांवर कुल्हडातून चहा देण्याची घोषणा केली. ती गाजली, पण कुल्हड सर्वत्र टिकले नाही. २०२० साली पीयूष गोयल यांनी पुन्हा तेच सांगितले. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या पेल्यांवर देशभर बंदी आली, तरी फलाटावर हाती येतो तो बहुधा कागदी पेला. तो हलका असतो, फुटत नाही आणि कारखान्यातून गठ्ठ्यांनी येतो. एकेकटा कुंभार त्याच्यापुढे कसा टिकणार? ठेकेदाराशी भाव तरी कसा ठरवणार?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. रेल्वेने कुल्हडांची मागणी ठेकेदाराच्या मर्जीवर न सोडता कुंभारांच्या सहकारी संस्थांकडे वर्षभराच्या कराराने नोंदवावी. माती व जळण महागले की भावही वाढावा. संस्थेच्या सभासदांत स्त्रियांची नावे असावीत. दरम्यान आपल्या शाखांनी आपल्या सभा-अधिवेशनांत व रेल्वे-टपाल कचेऱ्यांच्या उपाहारगृहांत कुल्हडाचा आग्रह धरावा.

एकेकट्याला भाव मिळत नाही, हे आपण संघर्षातून शिकलो आहोत. नात्यागोत्याने हा धंदा आजवर जगवला. त्याला रास्त दाम मिळवून द्यायला मात्र संघटनाच हवी.