जुनी जीप आणि तेलाचा क्लच

जुन्या वस्तूंत फेरफार करावा कीं नाहीं, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत वारंवार उपस्थित होतो. वाड्याचा जिना असो कीं देवघरांतील समई, एक पक्ष जतनाचा असतो, दुसरा सोयीचा. गेल्या त्रिपुरी पौर्णिमेपूर्वीं आमच्या घरीं हा वाद जीपवरून झाला.

जीप विलीज जातीची. दुसऱ्या महायुद्धासाठीं अमेरिकेंत निर्माण झालेल्या या गाडीची जुळणी महिंद्रांनीं चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत सुरू केली. तिच्या रचनेंत एक विसंगति आहे. ब्रेक मूळपासूनच तेलाच्या दाबावर चालतात. क्लच मात्र दांड्या, सांधे व एक आडवी नळी यांवर अवलंबून. नळीचें एक टोंक चौकटीला, दुसरें इंजिनाच्या बाजूस. इंजिन रबरी बैठकींवर हालतें, चौकट निराळी हालते. सांधे झिजले म्हणजे पायाची बरीच हालचाल वाटेंतच जिरते.

रामटेकच्या गडावर चढतांना याचा प्रत्यय आला. काकांनीं दुसरा गिअर काढला. पेडल तळाशीं दाबूनही पहिला पडेना, आणि गाडी मागें सरूं लागली. पुतण्यानें उडी टाकून चाकामागें दगड लावला, म्हणून निभावलें.

घरीं येतांच तो म्हणाला, “काका, आतां क्लचही तेलावर करूं.” काकांनीं चष्मा काढला. “अरे, ही पोथी आहे. तींत खाडाखोड नको.”

दोघांचेंही म्हणणें आम्हांस पटत होतें. म्हणून प्रथम दुरुस्ती करविली. झिजलेले सांधे बदलले, पेडलची मोकळी चाल सुमारें एक इंच ठेविली. गिअर पडूं लागला. पण काकांच्या दुखऱ्या गुडघ्याला पेडल जडच राहिलें. गाडी चालविणें सोडावयाचें, कीं गाडींत बदल करावयाचा, एवढाच प्रश्न उरला.

येथें पास्कलचा नियम उपयोगी पडतो. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्वत्र सारखाच पसरतो. पेडलकडील सिलिंडरचा व्यास पाऊण इंच व क्लचकडील सिलिंडरचा एक इंच घेतल्यास क्षेत्रफळें ९ व १६ या प्रमाणांत येतात. म्हणजे ९ शेर जोराचे १६ शेर होतात. मात्र पहिला दट्ट्या एक इंच सरला, तर दुसरा नऊ सोळांश इंचच सरतो. फुकट कांहींच मिळत नाहीं! व्यास मनास येईल तसे निवडल्यास पेडल हलकें होतें, पण क्लच पुरता सुटत नाहीं.

वाचकांपैकीं कोणाला हें करावयाचें असल्यास चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. क्लचच्या तेलाची डबी ब्रेकपासून निराळी असावी. नाहींतर एकाची गळती दुसऱ्यास भोंवते. ब्रेकचें तेलच वापरावें. इंजिनाच्या तेलानें आंतील रबर फुगतें. हें तेल हवेंतील ओल शोषतें, म्हणून दोन वर्षांनीं बदलावें. रंगावर सांडल्यास रंग उडतो. नळींतील हवा पूर्ण काढावी, कारण हवा दबते, तेल दबत नाहीं.

पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांच्या नोंदणीसाठीं केंद्र सरकारनें २०२१ मध्यें स्वतंत्र नियम केले. सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांतील मोठा फेरफार त्यांस मान्य नाहीं. म्हणून आम्हीं चौकटीस एकही नवें भोंक पाडूं दिलें नाहीं; नवे सिलिंडर जुन्याच बोल्टांच्या आधारें पट्ट्यांवर बसविले. पोथीच्या मजकुरास हात न लावतां समासांत टीप लिहावी, तसें हें झालें. काकांचा रुकार मिळाला तो या एका अटीवर.

त्रिपुरीला काकांनींच गाडी गडावर नेली. दगड लावला होता त्या जागीं पहिला गिअर निमूटपणें पडला. कोणी कांहीं बोललें नाहीं.

जुन्या दांड्या तेलकट फडक्यांत गुंडाळून, काकांच्या हस्ताक्षरांतील चिठ्ठीसह छपरींत टांगल्या आहेत. पुढें नातवंडांपैकीं कोणास त्या परत बसवाव्याशा वाटल्या, तर वाट मोकळी आहे.