अठरांतल्या सतरांचे काय?

२०२५च्या ‘नीट’ परीक्षेला देशभरातून सुमारे २२ लाख मुले बसली. त्यांतली १२ लाखांहून अधिक पात्र ठरली. पण पात्र ठरणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. त्या वर्षी एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या आणि त्यांतल्या साधारण निम्म्याच सरकारी महाविद्यालयांत होत्या. म्हणजे अठरा मुलांमागे जेमतेम एक जागा. हे गणित घराघरांत मांडलेच जात नाही. लातूर असो वा कोटा, क्लास लावला की प्रवेश होणारच, असे गृहीत धरून कर्ज काढले जाते.

त्याचा भार मुलांच्या शरीरावर दिसतो. परीक्षेच्या दिवसांत ओपीडीत डोकेदुखी, पोटदुखी, छातीत धडधड, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन अकरावी-बारावीची मुले येतात. बहुतेकांच्या तपासण्या नॉर्मल निघतात. पण म्हणून मूल नाटक करते असे नाही. ताणामुळे वाढणारी संप्रेरके हृदय, आतडी आणि झोप या तिन्हींवर परिणाम करतात. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे मोठे काम झोपेतच होते, त्यामुळे झोप मोडून केलेला अभ्यास फारसा टिकत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक आहे. सगळ्यांचे कारण परीक्षा नसते. पण हा आकडा पाहून पालकांनी थांबून विचार करायलाच हवा.

अपेक्षा ठेवूच नये, असे नाही. मेहनतीची अपेक्षा रास्त आहे, कारण मेहनत मुलाच्या हातात असते. क्रमांक मात्र इतर लाखो मुलांच्या गुणांवरही ठरतो. म्हणून दुसरा मार्ग निकालानंतर सांत्वन म्हणून सांगू नका. नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, बीएस्सी किंवा मुलाच्या आवडीचे आणखी काही, हे फॉर्म भरतानाच एकत्र बसून ठरवा. किती वेळा परीक्षा द्यायची, तेही तेव्हाच ठरवा.

मुलाचे जेवण-बोलणे कमी झाले, ‘माझ्यामुळे तुमचे पैसे वाया गेले’ असे ते म्हणू लागले, तर निकालाची वाट पाहू नका. त्याच्याशी बोला, डॉक्टरांना दाखवा. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मदत मिळते, मराठीतूनही.