गाऱ्हाणे कोणाचे?

देवासमोर गाऱ्हाणे घालण्याची आपली रीत फार जुनी आहे. उत्सवाच्या दिवशी पुजारी किंवा गावकर हात जोडून उभा राहतो आणि साऱ्या गावाच्या वतीने बोलतो. गावावरचे अरिष्ट टळो, शेतेभाते पिकोत, गुरेढोरे सुखरूप राहोत, परमुलखास गेलेली लेकरे सुखाने घरी येवोत, असे तो मागणे मागतो, आणि मागे उभी असलेली मंडळी मान लववून त्यास होकार देतात. मीही गेली कित्येक वर्षे असा होकार देत आलो आहे. परंतु आता एक प्रश्न मनातून जात नाही. ज्या गावाच्या वतीने आपण देवाशी बोलतो, ते गाव आपणांस ठाऊक आहे काय? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

ज्या देवस्थानाचा मी महाजन आहे, त्याचे नाव येथे देत नाही. कारण जे घडले ते एकाच देवळाचे वैगुण्य आहे असे मला वाटत नाही. देवळाच्या मागच्या गडग्यापलीकडे एक वृद्ध बाई राहत असे. तिने गुंफलेल्या जाईच्या आणि अबोलीच्या माळा कित्येक वर्षे रोज पहाटे गाभाऱ्यात जात. एके दिवशी सकाळी पुजारी म्हणाला, “आयज फुलां आयलीं नात.” तेव्हा दुसरीकडून फुले आणविली गेली आणि पूजा यथासांग पार पडली. तिसऱ्या दिवशी कोणी चौकशीस गेले, तेव्हा कळले की बाई तापाने अंथरुणास खिळली होती आणि आदल्या रात्रीच गेली. त्या तीन दिवसांत तिला पेज पाजली ती शेजारच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका परप्रांतीय मजुराच्या बायकोने. समितीच्या बैठकीत दुखवट्याचा ठराव मांडला गेला. लिहून घेताना चिटणिसांनी विचारले, “बाईचे पूर्ण नाव काय?” बैठकीतील कोणासही ते सांगता आले नाही, मलाही नाही.

त्याच खोलीतील कपाटात महाजनांची यादी मात्र नीट जपून ठेवलेली आहे. पोर्तुगीज अमदानीत १८८६ साली देवस्थानांच्या कारभारासाठी नियम झाले, १९३३ साली ते सुधारून नव्याने लागू झाले, आणि गोव्यातील देवस्थानांचा कारभार आजही त्याच चौकटीत चालतो. महाजन कोण, मत कोणास, हिशेब कसा ठेवावयाचा, हे त्या नियमांत सांगितले आहे. शेजारी कोण, हे त्यांत नाही, आणि ते कायद्याने सांगावे अशी कोणाची अपेक्षाही नसावी. परंतु कायदा विचारीत नाही म्हणून आपणही विचारू नये काय? मुंबईस वा पुण्यास स्थायिक झालेल्या आणि वर्षातून एकदा जत्रेस येणाऱ्या महाजनाचा पत्ता आपल्यापाशी आहे. बारा महिने देवळाची घंटा ऐकणाऱ्याचे नाव आपल्यापाशी नाही.

हे विस्मरण इतर कोणास क्षम्य असले तरी आपणांस नाही. अंत्रुज महालातील आपली कितीतरी थोर दैवते मूळची तेथली नव्हेत. सोळाव्या शतकात साष्टीत देवळांचा विध्वंस सुरू झाला, तेव्हा कुशस्थळीहून श्रीमंगेश प्रियोळास, वेर्ण्याहून श्रीम्हाळसा म्हार्दोळास, केळशीहून श्रीशांतादुर्गा कवळ्यास आणि लोटलीहून श्रीरामनाथ बांदिवड्यास आले. जुवारीपलीकडचा हा मुलूख तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. तो त्यांच्याकडे गेला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे येथील वाड्यांच्या दृष्टीने एके काळी आपला देव नवखा होता आणि आपले पूर्वज आश्रयास आलेले होते. येथील माणसांनी थारा दिला, म्हणून देव राहिला. कुंकळ्ळीची शांतादुर्गा अशीच फातर्प्यास गेली. तरी आजही शिगम्यात बारा गावकर घराण्यांच्या बारा छत्र्या फातर्प्याहून कुंकळ्ळीस येतात आणि त्या सोहळ्यात ख्रिस्ती झालेली गावकर मंडळीही सामील होतात. धर्म बदलला, राज्ये बदलली, तरी तेथे शेजार तुटला नाही. आपल्याकडे मात्र काहीही बदललेले नसता तो तुटत चालला आहे.

यावर जे आक्षेप घेतले जातात, ते मी ऐकलेले आहेत. पहिला आक्षेप असा की, देवळाने पूजाअर्चा पाहावी, शेजारपाजार पाहणे हे पंचायतीचे काम. असे असेल तर पालखी बाहेर कशासाठी निघते? तिने देवळाच्या चौकातच फिरून माघारी यावे! ती वाड्यावाड्यांतून जाते, दारोदारी थांबते. घरची बाई अंगण सारवून, रांगोळी घालून तिची वाट पाहते आणि देवीची ओटी भरते. देवी दारापर्यंत जाते आणि तिचे कारभारी मात्र अग्रशाळेतून हलत नाहीत, हा न्याय कोठला?

दुसरा आक्षेप अधिक मानभावी आहे. आम्ही येथे पिढ्यान्‌पिढ्या आहोत, आम्हांस सारे ठाऊक आहे, असे म्हटले जाते. काय ठाऊक होते, ते एकदा स्पष्ट बोलू या. फुले कोणी आणावयाची, वाजंत्री कोणी वाजवावयाची, मशाल कोणी धरावयाची, धुणे कोणी धुवावयाचे, हे ठाऊक होते. कळावंतांच्या आणि भाविणींच्या घरांशी देवळाचा संबंध कोणत्या स्वरूपाचा होता, हे लिहिण्यास आजही लेखणी अडखळते. भाटकारास मुंडकार ठाऊक होता तो किती दिवस फुकट राबेल यापुरताच. ती येणेबाकीची वही होती. तिला ओळख म्हणणे म्हणजे शब्दाचा अपमान होय. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने ती वही कालबाह्य केली, हे उत्तमच झाले. परंतु ती मिटल्यावर आपण नवी उघडलीच नाही. जुने शेजारी आता कोणाचे ऋणी नाहीत, आणि ऋणाखेरीज त्यांच्याशी बोलावे कसे, हे आपण शिकलो नाही. दरम्यान कुंडईस आणि बेतोड्यास औद्योगिक वसाहती झाल्या, कानडी, बिहारी, ओडिया कामगार आसपासच्या खोल्यांतून राहू लागले. त्यांतले कितीतरी पहाटे कामावर जाताना आपल्याच दीपस्तंभास हात जोडतात. आपल्या लेखी ते ‘भाड्याचे लोक’ आहेत. फुलवालीचे पूर्ण नाव अखेर आम्हांस सांगितले ते त्या मजुराच्या बायकोने. तिला या वाड्यात येऊन दोनच वर्षे झाली होती.

तिसरा आक्षेप म्हणजे, घरोघर हिंडणे ही पाद्र्यांची रीत आहे. होय, त्यांच्याकडे ती आहे. गोव्यात विगार घरोघर जाऊन आशीर्वाद देतो; सायबिणीची मूर्ती वाड्यातून एका घरातून दुसऱ्या घरात जाते आणि ती ज्या घरी असेल तेथे शेजारी प्रार्थनेस जमतात. ही भेट बहुधा ख्रिस्ती उंबरठ्यापाशीच थांबते, हेही खरे. तेव्हा सगळा शेजार ओळखावा कसा, हा प्रश्न इगर्जीसही सुटलेला नाही. परंतु ती निदान आपल्या माणसांच्या उंबरठ्यापर्यंत जाते, आपण तेवढेही जात नाही. चांगली रीत शेजाऱ्याकडून उचलण्यात कमीपणा तो कसला? म्हापशास मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्तास हिंदू भाविक तेल घेऊन जातात, तेव्हा त्यांचा धर्म बुडत नाही.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, पावतीपुस्तक घरी ठेवावयाचे. समितीचा माणूस दारात दिसला की घरधनी खिशाकडे हात नेतो, ही लाज आपण स्वतःच ओढवून घेतली आहे. वर्षभर तरी वर्गणीखेरीज दारात उभे राहून पाहावे. दुसरी गोष्ट, पायी जावयाचे. देवळापासून हाकेच्या अंतरावरील घरे चौघांनी वाटून घ्यावीत आणि त्या चौघांत दोघे तरी महाजन नसलेले, त्याच वाड्यातले, शक्य तर स्त्रिया असाव्यात. ज्या दारात पुरुषास बसावयास सांगत नाहीत, तेथे बाई स्वयंपाकघरापर्यंत जाते. तिसरी गोष्ट, बोलण्यापेक्षा ऐकावयाचे. घरात आजारी कोण, म्हातारे एकटे कोण, पोरे शाळेत जातात की नाही, आणि देवळाचा तुम्हांस त्रास कोणता, एवढेच विचारावे. शेवटचा प्रश्न टाळू नये. जत्रेच्या रात्री कोणाची वाट वाहनांनी अडते, कर्ण्याच्या आवाजाने कोणाचे आजारी माणूस तळमळते, हे आपणांस कोणी आपण होऊन सांगणार नाही. चौथी गोष्ट, जात, कुळी, धर्म यांची नोंद करू नये. नाव, घर आणि अडचण एवढे लिहिले की पुरे. आणि ती वही निवडणुकीतल्या कोणत्याही उमेदवाराच्या हाती पडू देऊ नये. पाचवी गोष्ट, ऐकलेल्याचे उत्तर द्यावयाचे. सहा महिन्यांनी त्याच दारात जाऊन काय झाले आणि काय जमले नाही, ते सांगावे. हे होणार नसेल तर पहिल्या वेळी न गेलेलेच बरे. कारण विचारून विसरणाऱ्यापेक्षा न विचारणारा कमी दुखावतो.

यासाठी मोठा निधी लागत नाही, नवी इमारत लागत नाही. आपल्या अग्रशाळा वर्षातील पुष्कळ दिवस रिकाम्या असतात. तेथे संध्याकाळी मजुरांच्या मुलांना अभ्यासास बसू दिले तर देव विटाळणार नाही. देवळांना सोनेरी कळस चढताहेत, संगमरवरी फरशा बसताहेत. त्यास माझा विरोध नाही. परंतु त्या फरशीवर उभे राहून गाऱ्हाणे घालणाऱ्यास गडग्यापलीकडचे दुःख ठाऊक नसेल, तर तो देवासमोर ऐकीव गोष्टी सांगत आहे.

महाजनबंधूंनो, येत्या जत्रेस अजून अवकाश आहे. तोवर चाळीस घरे होतील, वीस होतील. दहा झाली तरी चालतील. त्या दिवशी गाऱ्हाणे घालताना त्या दहा घरांची दुःखे बोलणाऱ्याच्या मनात असली, तर मागे उभे राहून होकार देताना मला तरी मान खाली घालावी लागणार नाही.