स्फोटाचा पत्ता शोधायला औंढा हवे

22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यातल्या जेऊरला दुर्बिणींचा तळ पडला होता. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे नायगमवाला तिथे होते, अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही आले होते. ग्रहणाची जागा आणि वेळ गणिताने आधीच कळते. लघु गॅमा किरण स्फोट मात्र कसलीही वर्दी देत नाही आणि साधारण दोन सेकंदांत विझतो.

तो कुठे झाला, हाच मग मोलाचा प्रश्न. दीर्घ स्फोट बहुतांशी अल्पायुषी, अजस्र ताऱ्यांच्या मृत्यूतून होतात. हे तारे जन्मस्थळाजवळच मरतात. लघु स्फोटांची तऱ्हा वेगळी. 9 मे 2005 रोजी स्विफ्ट उपग्रहाने टिपलेला स्फोट एका म्हाताऱ्या, लंबवर्तुळाकार दीर्घिकेच्या दिशेला सापडला. नवे तारे घडवणाऱ्या दीर्घिकांतही ते होतात, किंबहुना तिथेच जास्त. पण अनेकदा केंद्रापासून बरेच लांब. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोडीला जन्मतानाच्या स्फोटाचा हिसका बसतो. मग ती कोट्यवधी वर्षे भटकते, दोन्ही तारे जवळ येत जातात आणि शेवटी एकमेकांत विलीन होतात; त्यातूनच लघु स्फोट होतो. जागा कळली की जोडीचे वय आणि प्रवास यांचा अंदाज बांधता येतो.

अशा विलीनीकरणातून लघु स्फोट होतो, हे 17 ऑगस्ट 2017 ला सिद्ध झाले. अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी त्या दिवशीच्या विलीनीकरणाच्या गुरुत्वीय लहरींवरून दाखवलेला आकाशाचा पट्टा सुमारे 190 चौरस अंशांचा होता. इटलीतल्या व्हर्गोची भर पडताच तो 31 वर आला. (पौर्णिमेचा चंद्र पाव चौरस अंशही व्यापत नाही.) त्यामुळेच काही तासांत दुर्बिणी वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी 4993 या 13 कोटी प्रकाशवर्षे दूरच्या, जुन्या ताऱ्यांच्या दीर्घिकेपर्यंत पोचल्या. पुढे या स्फोटाच्या रेडिओ लहरींचा माग घेणाऱ्यांत खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही होती.

एका जादा वेधशाळेने एवढा फरक पडला! हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथची लायगो-इंडिया अमेरिका आणि युरोप दोन्हींपासून दूर असेल, म्हणून पत्ता आणखी नेमका मिळेल. प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता 2016 मध्ये मिळाली. 2,600 कोटींची अंतिम मंजुरी यायला एप्रिल 2023 उजाडले. एवढी दिरंगाई आता पुन्हा नको. सोलापूरच्या विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनीही वेधशाळा उभी राहीपर्यंत थांबू नये. लेसर, निर्वात तंत्र, विदा-विश्लेषण हे विषय आजच शिकवायला घ्यावेत आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेशी नाते जोडून इथली मुले तिथे धाडावीत.