अपडेटची वेळ ठरवायची कोणी?

लिनक्समध्ये सुरक्षेचे अपडेट आपोआप होतात, हे उत्तमच. माझं भांडण वेळेशी आहे. 'ॲप्ट-डेली-अपग्रेड' नावाचा टायमर मुळात सकाळी ६ ते ७ च्या दरम्यानचा. त्या वेळी कोणाच्या घरी संगणक चालू असतो हो? मग हुकलेलं काम तो आपण मशीन सुरू केल्यावर तासाभरात काढतो, आणि आपण बसतो जुन्या हार्डडिस्कची घरघर ऐकत! अहोरात्र चालणाऱ्या सर्व्हरला हे ठीक. "नवीन मशीन घ्या" हा तरुण मंडळींचा सल्ला मला मान्य नाही. "सेवा बंदच करा" हा तर मुळीच नाही. 'सिस्टिमसीटीएल एडिट' या आज्ञेने टायमरची वेळ बदलता येते. मी दुपारी १ लावली आहे. मशीन चालू ठेवून जेवायला उठतो. घरघरू दे खुशाल.