संगीताचे उद्यान आणि संगीताचे धनी

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात अटलांटिक महासागराच्या काठी मर्टल बीच नावाचे शहर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सामान्य कुटुंबांनी मोटारीने यावे, मोटेलात उतरावे, चार दिवस समुद्रात डुंबावे आणि परत कामावर रुजू व्हावे, असा त्या शहराचा लौकिक. २००८ सालच्या एप्रिलमध्ये तेथे 'हार्ड रॉक पार्क' हे सर्वस्वी रॉक संगीताला वाहिलेले करमणूक-उद्यान उघडले. ५५ एकर जमीन, ४० कोटी डॉलरांची गुंतवणूक आणि माणशी सुमारे ५० डॉलर प्रवेशमूल्य. त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी उद्यान चालविणारी कंपनी दिवाळखोरीचा अर्ज घेऊन न्यायालयाच्या दारात उभी राहिली. एका हंगामाचा हा खेळ. परंतु त्या एका हंगामात तेथे काय विकले जात होते आणि ते मुळात कोणाचे होते, हे पाहण्यासारखे आहे.

उद्यानात शिरणाऱ्या प्रेक्षकापुढे रॉकचा इतिहास आळीवार मांडून ठेवलेला होता. एक आळी ब्रिटिश वाद्यवृंदांची, एक सत्तरच्या दशकाची, एक अमेरिकी ग्रामीण संगीताची. सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे 'लेड झेपलिन' या वृंदाच्या नावाचे रोलर कोस्टर. सहा वेळा माणसाला उलटे करणाऱ्या त्या गाडीत बसल्या जागी वृंदाचे प्रसिद्ध गाणे कानावर आदळत असे. दुसरीकडे 'मूडी ब्लूज' या वृंदाच्या १९६७ सालच्या एका गाण्यावर उभारलेली अंधारी सफर होती. रात्री आतषबाजी व्हायची ती 'क्वीन' वृंदाच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या तालावर. या रचनेचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारात जन्मलेला पारशी मुलगा फारुख बलसारा. त्याचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत झाले आणि पहिला वाद्यवृंदही त्याने तेथेच शाळासोबत्यांबरोबर उभा केला. साम्राज्याच्या वाटांनी माणसे कोठून कोठे गेली आणि त्यांचे सूर अखेर कोणत्या तिकीटबारीच्या आत जाऊन पडले, याचा हा एक नमुना.

आणखी दोन नावे येथे सांगितलीच पाहिजेत. मुलांना पाण्यात खेळण्यासाठी जी जागा होती तिचे नाव 'रेगे रिव्हर फॉल्स', आणि लहानग्यांनी उड्या माराव्यात म्हणून जी जागा होती तिला म्हणत 'पंक पिट'. रेगे हे जमैकातील किंग्स्टनच्या दरिद्री वस्त्यांतून उठलेले संगीत. गुलामगिरीची स्मृती आणि मुक्तीची आकांक्षा हा त्याचा प्राण. पंक हा सत्तरच्या दशकातील ब्रिटनमधल्या बेकार, भविष्य हरवलेल्या तरुणांचा संतापाचा उद्गार. एकाची घसरगुंडी झाली, दुसऱ्याची उड्या मारण्याची गादी. ज्या संगीताने प्रस्थापितांना शिव्या दिल्या तेच संगीत प्रस्थापितांच्या तिजोरीत जमा करून घेण्याची भांडवलशाहीची हातोटी जुनीच आहे. तिला विरोधाचे भय वाटत नाही. तिला फक्त त्याचा भाव ठरवावा लागतो.

रोलर कोस्टरवर वाजणारे ते गाणे 'होल लॉटा लव्ह'. लेड झेपलिनने ते १९६९ साली ध्वनिमुद्रित केले आणि त्यावर आपलीच नावे घातली. त्याआधी १९६२ साली मडी वॉटर्स या कृष्णवर्णीय गायकाने 'यू नीड लव्ह' हे गाणे गायिले होते. ते लिहिले होते विली डिक्सन यांनी. डिक्सन मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्गचे, वॉटर्स त्याच राज्यातील एका कापसाच्या मळ्यावर राबणारे. दोघेही दक्षिणेतील वर्णद्वेषातून निसटून शिकागोच्या औद्योगिक वस्त्यांत आले. मळ्यावरचे दुःख त्यांनी शहरात आणले, गिटारला वीज जोडली आणि त्या संगीतातून पुढचे निम्मे रॉक निघाले. आपल्या शब्दांचा मोबदला मिळावा म्हणून डिक्सन यांना १९८५ साली न्यायालयात जावे लागले. १९८७ साली तडजोड झाली आणि मग त्यांचे नाव गाण्याच्या कर्त्यांत आले. म्हणजे कोट्यवधी डॉलरांच्या त्या लोखंडी सांगाड्यावर जे गाणे गर्जत होते, त्याच्या एका कर्त्याला आपले कर्तेपण सिद्ध करायला सुमारे अठरा वर्षे लागली होती. डिक्सन यांनी पुढे ब्लूज गाणाऱ्या वृद्ध कलावंतांच्या हक्कांसाठी प्रतिष्ठान काढले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्वतःची रक्कम घेऊन ते स्वस्थ बसले नाहीत.

पण मिसिसिपी आणि शिकागो दूर राहिले. खुद्द मर्टल बीचमध्ये, उद्यानापासून काही मैलांवर, कार्व्हर स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. कृष्णवर्णीयांच्या या वस्तीला 'द हिल' म्हणत. तेथे चार्ली फिट्झजेराल्ड यांचा 'चार्लीज प्लेस' हा नृत्यगायनाचा अड्डा होता. समुद्रकाठच्या गोऱ्यांच्या हॉटेलांत काळ्या कलावंतांनी गावे, पण रात्री तेथे झोपू नये, असा तो काळ. कार्यक्रम संपला की ही मंडळी चार्लींकडे येत आणि तेथे पुन्हा वाजवीत. काउंट बेसी, ड्यूक एलिंग्टन, बिली हॉलिडे यांची नावे त्या जागेशी जोडलेली आहेत. गोरी तरुण मुले-मुलीही चोरून तेथे येऊ लागली. जो 'शॅग' नाच दक्षिण कॅरोलिनाने १९८४ साली आपले अधिकृत राज्यनृत्य म्हणून स्वीकारला, त्याची मुळे शोधणारे या अड्ड्यापर्यंत येऊन पोहोचतात.

गोरे आणि काळे एकाच फरशीवर नाचतात हे कू क्लक्स क्लॅनला खपले नाही. २६ ऑगस्ट १९५० च्या रात्री क्लॅनच्या लोकांनी मोटारींचा ताफा घेऊन 'हिल'वर हल्ला केला. इमारतीवर शेकडो गोळ्या झाडल्या, फिट्झजेराल्ड यांना फरफटत नेऊन अमानुष मारहाण केली, त्यांच्या कानांवर शस्त्र चालविले. हल्लेखोरांपैकी एकजण गोळी लागून मेला. त्याचा पांढरा झगा काढला तेव्हा आत पोलिसाचा गणवेश निघाला. एवढे होऊनही या हल्ल्याबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. पुढे अड्ड्याची इमारत पाडली गेली. शेजारच्या लहानशा मोटेलाचे जतन मात्र शहराने अलीकडच्या काळात केले आहे.

ज्या शहरात संगीतासाठी माणसाने रक्त सांडले, त्या शहरात संगीताचे भव्य उद्यान उभे करायचे आणि त्याच्या आळ्यांना लंडनपासूनची नावे द्यायची, यात योगायोग नाही. कार्व्हर स्ट्रीटच्या इतिहासाचा परवाना कोणी कोणाला विकू शकत नाही. लेड झेपलिनच्या नावाचा विकता येतो. उद्यानाचे स्वतःचे नावही असेच भाड्याचे होते. 'हार्ड रॉक' या नावाची मूळ कंपनी वेगळी (तिची मालकी तर २००७ सालापासून फ्लोरिडातील सेमिनोल या आदिवासी जमातीकडे आली होती, आणि त्याबद्दल त्यांचे अभिनंदनच करावे), उद्यान काढणारी कंपनी वेगळी. कायद्याच्या कागदावर जे मालकीचे ठरते तेवढेच या व्यवस्थेत 'संस्कृती' म्हणून उभे राहते. उरलेले जनतेच्या आठवणीत राहिले तर राहिले.

आता तिकिटाकडे वळू. २००८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील संघराज्यीय किमान वेतन ताशी ५.८५ डॉलर होते, जुलैच्या अखेरीस ते ६.५५ झाले. दक्षिण कॅरोलिनाला स्वतःचा किमान वेतनाचा कायदाच नाही. चौघांचे कुटुंब आत जायचे तर २०० डॉलर, म्हणजे किमान वेतनावरच्या माणसाचे ३४ तासांचे श्रम; पाळण्याखालचे खाणे-पिणे निराळे. त्यातही एक मेख आहे. वर्षातून सात महिन्यांपेक्षा अधिक न चालणाऱ्या करमणुकीच्या धंद्यांना त्या देशाच्या कायद्याने किमान वेतनाच्या व जादा कामाच्या मोबदल्याच्या तरतुदींतून सूट देता येते. शिवाय कामगार संघटनांचे बळ मोडणारा 'कामाच्या हक्काचा' म्हणून गोड नावाने ओळखला जाणारा कायदा या राज्याने १९५४ सालीच केला आहे. मर्टल बीचच्या पर्यटनव्यवसायात दर उन्हाळ्यात परदेशी विद्यार्थी अल्पमुदतीच्या परवान्यावर येऊन राबतात. हंगाम सरला की माणूस परत, आणि दुसऱ्या हंगामाची हमी कोणी द्यायची नाही.

यावर कोणी म्हणेल, लोक आनंदाने जातात, मुले हसतात, मग तुम्ही समाजवाद्यांनी नाक का मुरडावे? आक्षेप रास्त आहे आणि तो टाळता कामा नये. श्रमणाऱ्या माणसाला मजा हवीच. जत्रेतला आकाशपाळणा, मौतका कुवा, तमाशाची कनात या सर्व गोष्टी पैशावरच चालत आल्या आहेत. तमाशात फडमालकाने उचल दिली की कलावंत वर्षानुवर्षे तिच्यातच अडकतो, हे नारायणगावच्या राहुट्यांत सुपारी ठरताना ज्याने पाहिले असेल त्याला जुन्या करमणुकीचे गोडवे गाण्याचे धाडस होणार नाही. पण तमाशात बतावणी करणारा सोंगाड्या पाटलावर, सावकारावर, प्रसंगी समोर बसलेल्या मंत्र्यावर बोट ठेवू शकतो आणि प्रेक्षक त्याला उत्तर देतो. रोलर कोस्टरमध्ये प्रेक्षकाला पट्ट्याने बांधून ठेवावे लागते. ही केवळ सुरक्षिततेची गोष्ट आहे हे आम्हांस कळते. तरीही फरक राहतोच. एके ठिकाणी माणूस कलेत सहभागी आहे, दुसऱ्या ठिकाणी तो माल आहे, ठरलेल्या वेगाने पुढे ढकललेला.

उद्यान बुडाले याचा आनंद मानणारे आमच्यातही निघतील. भांडवलशाहीच्या दिवाळखोरीवर टाळ्या पिटण्यापूर्वी त्यात कोण बुडाले हे पाहावे. त्या उन्हाळ्यात खनिज तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरांपर्यंत गेला. मोटारीने येणारे पर्यटक घटले. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली आणि कर्जाचे सगळे झरे आटले. उद्यानाने दहा दिवसांनी हात वर केले. जानेवारी २००९ मध्ये पुनर्रचनेची आशा सोडून मालमत्ता विकण्याचा मार्ग धरला गेला, आणि ४० कोटींचे ते उद्यान अवघ्या अडीच कोटी डॉलरांना गेले. सोळावा हिस्सा! अशा वेळी सर्वांत आधी घरी जातो तो तिकीट फाडणारा, झाडू मारणारा, पाळण्याचा दांडा ओढणारा.

नव्या मालकांनी त्याच वर्षी मे महिन्यात ते 'फ्रीस्टाइल म्युझिक पार्क' या नावाने पुन्हा उघडले. जुन्या नावांचे परवाने आता नव्हते. म्हणून 'लेड झेपलिन' कोस्टरचे नाव 'टाइम मशीन' झाले, मूडी ब्लूजची अंधारी सफर पुसून तिथे राक्षसांची भिंत रंगविण्यात आली. रूळ तेच, वेग तोच, पोटात उठणारा गोळाही तोच. गाणे बदलले म्हणून कोणाचे काही अडले नाही. संगीताशी या यंत्रांचे नाते किती वरवरचे होते, हे टीकाकारांना सिद्ध करावे लागले नाही. रंगाऱ्याच्या एका डब्याने ते केले. तो हंगामही शेवटचा ठरला. सगळी यंत्रे पुढे उखडून नेण्यात आली.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून द्यावे, तर 'हार्ड रॉक' हे नाव मुंबईकराला अपरिचित नाही. २००६ साली या नावाचे भारतातील पहिले उपाहारगृह उघडले ते वरळीत, बॉम्बे डाइंग गिरणीच्या आवारात. दिवसपाळी-रातपाळीच्या भोंग्यावर चालणाऱ्या त्या मुलखाला स्वतःचे संगीत नव्हते काय? १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले ते याच गिरणगावच्या जोरावर. परळच्या कामगार मैदानावर डफ कडाडला की त्यासाठी कोणाला तिकीट लागत नसे. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी खोल्याखोल्यांतून भजने, नमन, शक्तीतुरा जपला. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले, देशोधडीला लागले. गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या आणि त्यांवर मॉल, मनोरे व परदेशी गिटारी टांगलेली उपाहारगृहे उभी राहिली. गिटारीशी आमचे भांडण नाही. विली डिक्सन आणि अण्णा भाऊ एकमेकांना भेटते तर दुभाष्याची गरज फारशी पडली नसती. भांडण आहे ते जागेच्या मालकीशी.

कारण ती जागा अजूनही आक्रसतेच आहे. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ सालापासून कामगार रंगभूमीचे घर. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगचे हे नाट्यगृह. दशावतार, नमन, कामगार नाट्यस्पर्धा यांना परवडणारी अशी दुसरी जागा त्या भागात शोधून सापडत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्बांधणीसाठी ते बंद करण्यात आले, तेव्हा कलावंत रस्त्यावर आले. नव्या वास्तूत नाट्यगृह पूर्वीच्याच आसनसंख्येचे असावे, ही मागणी त्यांनी लावून धरली. तिला जोडून आणखी एक प्रश्न संबंधितांना आताच विचारला पाहिजे: नव्या सभागृहाचे एका प्रयोगाचे भाडे किती असेल, आणि ते ठरविताना कोकणातल्या गावमंडळाच्या नमनाचा हिशेब धरला जाणार आहे की नाही? उत्तर लेखी मिळावे.